ढताईंचा हात

सरकारी संशोधन संस्थेत हुशार माणसांचा तुटवडा कधीच नव्हता. जिकडे बघाल तिकडे डॉक्टर. कुणी पेशींच्या मागे, कुणी जंतूंच्या मागे, कुणी रक्ताच्या एका थेंबात सगळं आयुष्य घातलेलं. तुटवडा होता तो ढ माणसाचा. ती जागा वर्षानुवर्षं एकटीने सांभाळली ढताईंनी.

हे नाव त्यांना कुणी चिडवायला ठेवलं नव्हतं, त्यांनी स्वतःच घेतलं होतं. कुणी नुसतं 'ताई' म्हणालं तर त्यांना आपल्याला नाही, दुसऱ्याच कुणाला हाक मारली असं वाटायचं. तळमजल्यावर, जिन्याखाली, मोठमोठ्या शीतकपाटांच्या घरघरीला लागून त्यांची लांबट खोली होती. दारावर 'तंत्रज्ञान हस्तांतरण कक्ष' अशी जाडजूड पाटी. अर्थ साधा आहे हो. वरच्या मजल्यांवरची मंडळी जे शोधून काढतात ते बाहेरच्या एखाद्या कारखानदाराच्या हाती द्यायचं, म्हणजे तो ते बनवणार आणि दवाखान्यांत पोचवणार. नाहीतर शोध लागतो, त्यावर भाषणं होतात, टाळ्या पडतात आणि तो कपाटात जाऊन झोपतो. पेटंट, करार, अटी, हक्क हे सगळं ढताई बघायच्याच. पण त्यांचं खरं काम निराळं होतं.

त्या इथे लागल्या टायपिस्ट म्हणून. विज्ञानाशी त्यांचं शाळेतच फाटलं होतं. नव्या होत्या तेव्हा एका बड्या शास्त्रज्ञाची कृती टाइप करायला आली. त्यात लिहिलेलं, 'मिश्रण थोडं हलवा.' ढताई कागद घेऊन वर गेल्या आणि विचारलं, "सर, थोडं म्हणजे किती? दुधात साखर विरघळवतो तेवढं, की तान्ह्या बाळाला झोपवताना हलवतो तेवढं?" सर हसले. त्यांच्या हाताखालच्या दोघांनी हलवून दाखवलं तर दोघांचं थोडं दोन तऱ्हेचं निघालं. सरांचं हसू मावळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी या बाईलाच हातमोजे चढवून टेबलापाशी उभं केलं.

तेव्हापासून संस्थेत नियमच पडला. शोध बाहेर जाण्याआधी ज्याचा त्याने तो कागदावर उतरवायचा आणि ढताईंनी प्रयोगशाळेत उभं राहून कागदात आहे तेवढंच करायचं. पदरचं काही घालायचं नाही. शोध लावणाऱ्याने शेजारी स्टुलावर बसायचं, हात मांडीखाली, तोंडाला कुलूप. ढताईंना जमलं तर कारखान्याला जमेल. नाही जमलं तर कागद परत वर. याला सगळे ढ-परीक्षा म्हणायचे. भलेभले त्या स्टुलावर घामाघूम झालेले संस्थेने पाहिले आहेत. ढताई चुकीची बाटली उचलायच्या आणि बिचारा शास्त्रज्ञ स्टुलावर चुळबुळत राहायचा, कारण बाटलीचा रंग लिहायला तोच विसरलेला असायचा.

घरी या कामातलं अवाक्षर सांगायची सोय नव्हती. गुप्ततेच्या करारावर सही केलेली. त्यामुळे नवरा सगळ्या शोधांना वासावरून नाहीतर रंगावरून ओळखायचा. "ती कुजक्या वासाची झाली का पास?" किंवा "निळी कुठवर आली?" तो गाडी चालवायला शिकवायचा. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्यांच्या हातात जीव द्यायचा आणि संध्याकाळी घरी येऊन हातपाय पसरायचा. सासूबाईंनी मात्र सुनेच्या नोकरीतून एकच गोष्ट उचलली होती. त्या शेजारणींना सांगायच्या, "आमची सून अजून परीक्षांना बसते. नापास झाली की जास्त खूश असते. आता बोला."

आणि ते खरंही होतं. नापास होण्यात ढताईंचं सुख होतं. आपण अडखळलो ती जागा कागदात भरली जायची आणि पुढे कुणी तिथे अडखळायचं नाही. एवढं साधं समाधान फार थोड्या माणसांच्या वाट्याला येतं.

तर अशा या ढताईंसमोर एक दिवस डॉक्टरबाईंची पट्टी आली.

डॉक्टरबाई दुसऱ्या मजल्यावरच्या. बोलायला लागल्या की श्वास घ्यायला विसरायच्या. त्यांनी तरुणपणाची सगळी वर्षं एका पट्टीत घातली होती. गरोदर बाईच्या लघवीचे थेंब पट्टीच्या टोकाला टाकायचे. पुढे रक्तदाब चढून झटके येण्याचा धोका असेल तर दोन लाल रेषा उमटतात, नसेल तर एक. यंत्र नको, वीज नको, खेड्यातल्या नर्सलाही वापरता यावी अशी. डॉक्टरबाईंची थोरली बहीण अशाच झटक्यांनी बाळंतपणात गेली होती. हे त्या कुणाला सांगत नसत, पण ठाऊक सगळ्यांना होतं.

पट्टीत तीन तुकडे. ते एका चिकट पुठ्ठ्यावर एकापुढे एक लावायचे, एकाची कड दुसऱ्यावर जराशी चढवून दाबायची, म्हणजे थेंब एकातून दुसऱ्यात झिरपत जातो. ढताईंनी कागद वाचला, पट्टी बनवली, वर धोका असलेल्या लघवीसारखं तयार केलेलं मिश्रण टाकलं. दोन रेषा, ठसठशीत. पहिल्याच फटक्यात पास. असं आजवर कधी झालं नव्हतं. डॉक्टरबाईंनी स्टुलावरून उठून त्यांना मिठी मारली, आणि दोघींपैकी कुणालाही त्यात काही खटकलं नाही. खरं तर तिथेच खटकायला हवं होतं.

बरीच दारं ठोठावल्यावर एक छोटा कारखानदार पट्टी घ्यायला तयार झाला होता. बाकीच्यांनी 'बघू, कळवू' करून वाटेला लावलेलं. त्याने पहिली खेप बनवली, बिघडली. दुसरी बनवली, तीही बिघडली. कुठे रेषा पुसट, कुठे थेंब अर्ध्यावरच अडलेला. मग त्याचा फोन आला. माणूस सरळ होता, सरळच बोलला. "बाई, माझी लहान जागा आहे. तिसरी खेप बिघडली तर मी हक्क परत करतो. राग मानू नका."

राग कसला मानणार? पण परत आलेली गोष्ट दुसरं कुणी हातात धरत नाही, हे ढताईंना पक्कं माहीत होतं. अशा परत आलेल्या शोधांचं एक कपाटच होतं त्यांच्या खोलीत. ते उघडायला त्यांना आवडत नसे.

दुसऱ्या दिवशी दोघी संस्थेच्या गाडीने कारखान्यात गेल्या. वाटेत डॉक्टरबाई कृतीचा कागद पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या.

कारखाना म्हणजे एक लखलखीत खोली, लांब टेबल, वर पांढरे दिवे, आणि टोप्या नि मास्क घातलेल्या पाचसहा बायका. त्यांची प्रमुख, थोराड बांध्याची एक मुकादमबाई, हात बांधून बाजूला उभी होती. चेहऱ्यावर अपराधी भाव. दोन खेपांची बोलणी तिनेच खाल्ली असणार.

"मी करून बघते," ढताई म्हणाल्या आणि हात धुऊन, मोजे चढवून टेबलापाशी बसल्या. त्याच खोक्यातले तुकडे, तोच पुठ्ठा, तेच मिश्रण. हात झरझर चालले. थेंब टाकला. सगळ्या बायका वाकून बघायला लागल्या. एक रेषा आली. मग दुसरी. जशी यायला हवी तशी.

कारखानदाराने मान डोलावली. "म्हणजे माल बरोबर, कागद बरोबर. राहिलं काय? आमचीच माणसं." तो मुकादमबाईकडे वळला. "उद्यापासून या टेबलावरच्या सगळ्यांना पॅकिंगला घ्या. इथे दुसऱ्या बायका बघतो मी."

मुकादमबाईच्या मागची एक बाई हातमोजे काढायला लागली. डॉक्टरबाईंचा जीव मात्र भांड्यात पडला होता. एवढा वेळ ताठ बसलेल्या त्या पहिल्यांदा खुर्चीला टेकल्या. आणि ढताईंनाही, लपवण्यात काय अर्थ, बरं वाटलं. आपण पास केलेला कागद खरा ठरला की कुणालाही बरंच वाटतं.

कारखानदाराने भेटीची नोंद पुढे केली. प्रात्यक्षिक करून दाखवलं, कृतीत दोष नाही, सही करा. ढताईंनी सवयीने डोक्यावर हात नेला. चष्मा नव्हता. पर्समध्ये बघितलं, तिथेही नाही. मग आठवलं, निघायच्या घाईत तो ऑफिसच्या टेबलावरच राहिला. बोटाएवढे तुकडे त्यांना दिसत होते, पण चष्म्याशिवाय अक्षर म्हणजे नुसत्या मुंग्या.

त्यांनी नोंद खाली ठेवली.

मग आत्ता पट्टी बनवताना आपण वाचलं काय? कृतीचा कागद टेबलावर होता खरा, पण त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. ढ माणूस कागदात बघितल्याशिवाय बोट उचलत नाही. आणि यांचे हात तर घरी कणीक मळावी तसे आपोआप चालले होते.

"मी सही करत नाही," त्या म्हणाल्या.

"का? अहो, तुमचीच तर जमली."

"म्हणूनच. मी कागद वाचलाच नाही. तुमच्या बायका कागदात आहे ते करतायत, आणि ते चुकतंय. मी काहीतरी भलतंच करते, आणि ते बरोबर येतंय."

"काय करता?"

"ते मला माहीत नाही."

असं उत्तर सरकारी माणसाकडून कारखानदाराने जन्मात ऐकलं नसेल. ढताई मुकादमबाईकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तुमचं काही चुकलेलं नाही. चुकलंय ते माझं. या बायकांना इथून हलवू नका." मुकादमबाईने मास्क खाली केला, नाक पुसलं आणि पुन्हा वर चढवला. कारखानदाराने नोंद परत घेतली. "तिसरी खेप मी थांबवतो," तो म्हणाला, "पण फार दिवस नाही."

परतीच्या गाडीत डॉक्टरबाईंचा बांध फुटला. "सही केली असती तर काय बिघडलं असतं? त्यांनी दुसऱ्या बायका आणल्या असत्या, त्यांना जमलंही असतं."

"आणि नसतं जमलं म्हणजे? तिसरी खेप होती ती."

"तुम्हाला तुमच्या परीक्षेचीच पडलीय."

हे ढताईंच्या वर्मी लागलं. इतकी वर्षं मिरवलेलं ढपण आपल्या नकळत कधी सुटलं, कुठल्या साली, कुठल्या बाटलीपाशी, काही पत्ता नाही. दिवसभर हुशार माणसांत वावरून माणूस बिघडणारच की. त्यांना रडू यायला लागलं, आणि या वयात असल्या कारणासाठी रडू येतंय याचा रागही यायला लागला.

डॉक्टरबाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. म्हणाल्या, "माझंही चुकलं. बहिणीचं डोक्यात असलं की मला दुसरं काही दिसत नाही."

घरी नवऱ्याने चेहरा बघितला आणि विचारलं, "लाल नापास?"

"लाल नाही. मी."

"मग तुला तर आनंद व्हायला हवा."

"अहो, थट्टा नको. मला काम येतं, पण कसं येतं ते सांगता येत नाही."

नवऱ्याने पाय खाली घेतले. थट्टा संपवायची वेळ त्याला बरोबर कळायची. "माझंही तेच आहे," तो म्हणाला. "क्लच किती सोडायचा हे मला विचार. नाही सांगता येणार. मी शिकणाऱ्याला चुकू देतो. त्याची गाडी जिथे गचका खाते ना, तिथे मला माझा पाय कळतो."

सासूबाई आतून म्हणाल्या, "काय झालं? पास झाली की काय?"

"झाली, आई," नवरा म्हणाला.

"अरे देवा," म्हणून सासूबाई खरंच हळहळल्या. ढताईंना हसू फुटलं आणि त्या रात्री त्या चांगल्या जेवल्या.

आता हवा होता नवा ढ. पण संस्थेत ढ मिळणं किती कठीण ते सुरुवातीलाच सांगितलंय. झाडूवाल्या मावशींपासून ड्रायव्हरपर्यंत जो तो लॅबमध्ये वावरून सराईत झालेला. एकच माणूस असा होता ज्याने नोकरीत कधी प्रयोगशाळेचा उंबरा ओलांडला नव्हता. हिशेबसाहेब. तिसऱ्या मजल्याच्या टोकाला बसायचे, प्रत्येक खरेदीवर 'हे कशाला लागतं?' असं लाल शाईत लिहायचे, आणि ढ-परीक्षेच्या नावाने वर्षभर नाक मुरडायचे. अख्खी संस्था त्यांना वचकून होती.

ढताई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, संस्थेत तुमच्याइतका अडाणी माणूस दुसरा नाही. तुमची गरज आहे."

हिशेबसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. बाहेर बसलेल्या कारकुनाने श्वास रोखला. पण आपली गरज आहे असं त्या माणसाला आजवर कुणी सांगितलं नसावं. ते उठले. टाय शर्टाच्या आत खोचला. "किती वेळ लागेल?" एवढंच विचारलं.

या खेपेला डॉक्टरबाई बाजूला उभ्या राहिल्या आणि स्टुलावर ढताई बसल्या. हात मांडीखाली, तोंड बंद. आणि तेव्हा त्यांना कळलं की आपण इतकी वर्षं लोकांना काय भोगायला लावलं. हिशेबसाहेबांनी चिमटा उलटा धरला. ढताईंच्या जिभेवर शब्द आला, तो त्यांनी गिळला. साहेबांनी मिश्रण हुंगून बघितलं. तो शब्दही गिळला. मग ते कागदावर बोट ठेवून मोठ्याने वाचत, पुढचं करत, असं सरकत राहिले, आणि 'कड दुसऱ्या तुकड्यावर चढवून दाबा' इथे आले. पाकीट चिकटवतात तसा त्यांनी अंगठा दाणकन दाबला. वरून आणखी एकदा, पक्कं व्हावं म्हणून.

ढताईंचा उजवा हात मांडीखालीच वळवळला. अंगठा नव्हे, तर्जनी. तिचं नख.

पट्टीवर थेंब अर्ध्यावर येऊन थांबला. कारखान्यात थांबला होता तसाच.

"साहेब, एक मिनिट," म्हणत ढताई उठल्या आणि डॉक्टरबाईंना म्हणाल्या, "तुम्ही माझ्या हाताकडे बघा, पट्टीकडे नको." त्यांनी मुद्दाम दुसरंच काही बोलत बोलत पट्टी लावली. कड चढवली, आणि त्यांच्या तर्जनीने, नखाच्या पाठीने, सांध्यावरून एक हलकी रेघ ओढली. दाबलं असं नाहीच. बाळाच्या भुवईवरून बोट फिरवावं तेवढंच.

"हे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हे कुठे लिहिलंय?"

कुठेच नव्हतं. अंगठ्याने दाबलं तर मऊ तुकडा चेपतो आणि थेंबाची वाट बंद होते. दाबलंच नाही तर मध्ये फट राहते. डॉक्टरबाई स्वतः लॅबमध्ये लाटण्यासारख्या एका छोट्या रुळाने दाबायच्या आणि लिहिताना 'दाबा' लिहून मोकळ्या झाल्या होत्या, कारण रूळ त्यांच्या हाताशी कायमच असायचा. आणि ढताईंच्या नखाने ती चूक आपली आपण झाकून टाकली होती. कागदाने सांगितलं ते करायचं सोडून, कागदाला काय म्हणायचंय ते त्यांचा हात ओळखायला लागला होता. ढ-परीक्षेत याहून मोठा गुन्हा नाही.

दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. हिशेबसाहेबांना काय झालं ते नीट कळलं नाही, पण आपल्या नापास होण्याने काहीतरी मोठं काम झालं हे कळलं. ते छाती काढून बाहेर पडले. पुढे कित्येक दिवस ते जेवणाच्या टेबलावर, "मी दाबलं म्हणून कळलं," असं सांगत होते. रुळाच्या खरेदीवर त्यांनी लाल शाई चालवली नाही. नवे ढ आता तेच. नाव मात्र ढताईंकडेच राहिलं.

कागद नव्याने लिहिला. 'दाबा' गेलं. त्या जागी रूळ, त्याचं वजन, कुठून कुठे आणि एकदाच फिरवायचा, हे आलं. हिशेबसाहेबांनी त्यावरून पट्टी केली आणि दोन रेषा आल्या तेव्हा त्या रेषांचा फोटो घ्यायला सांगितला.

तिसरी खेप कारखान्यात सुरू झाली त्या सकाळी ढताई आणि डॉक्टरबाई तिथे गेल्या. कारखानदाराने मुकादमबाईला टेबलावरून हलवलं नव्हतं. आणि ढताईंनी सांगून ठेवलं होतं म्हणून त्या सकाळी एक नवी बाई कामावर घेतली होती. पट्टी तिने आयुष्यात पाहिली नव्हती. तिला कुणी काही शिकवायचं नाही, फक्त कागद द्यायचा.

बाई सावकाश वाचत होती. ओळीवर बोट, मग हात, मग पुन्हा ओळीवर बोट. तुकडे लावले. कड चढवली. रूळ उचलला, बघितला, एकदा फिरवला आणि ठेवला. डॉक्टरबाई भिंतीला टेकून डोळे मिटून उभ्या होत्या, त्यांना बघवत नव्हतं. ढताई बाईच्या अगदी खांद्याशी होत्या. थेंब पडला, सरकला, सांध्यापाशी आला आणि थबकला नाही. पुढे गेला. एक रेषा. दुसरी.

ढताईंनी डॉक्टरबाईंचा हात धरला. डॉक्टरबाईंनी डोळे उघडले, पट्टी बघितली आणि तोंडावर पदर धरून खिडकीकडे गेल्या.

नव्या बाईला यातलं काही माहीत नव्हतं. तिने दोन्ही रेषा कागदातल्या चित्राशी ताडून बघितल्या, पट्टी ट्रेमध्ये ठेवली आणि दुसरी करायला घेतली. आता तिला कागदाखेरीज कुणाचीच गरज नव्हती. तिने मान वर न करता हाताने इशारा केला.

"ताई, जरा बाजूला होता का? उजेड अडतोय."

"होते की," ढताई म्हणाल्या, आणि बाजूला झाल्या.